प्रमाणपत्राखाली माणूस हवा

औषधाच्या दुकानात गेलात की एकदा नजर वर करून बघा. गल्ल्याच्या मागे, बहुधा देवाच्या फोटोशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये तीन-चार कागद टांगलेले दिसतील. त्यातल्या एकावर एक नाव असतं आणि नावाबरोबर नोंदणी क्रमांक. ते नाव कोणाचं आणि तो माणूस आत्ता दुकानात आहे का, एवढंच विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच नको. औषध घेणाऱ्याचा तो हक्क आहे. दुकानदाराची शोभा वाढावी म्हणून कायद्याने ते कागद दर्शनी भागात लावायला सांगितलेले नाहीत, ते तुमच्यासाठी आहेत.

मी जानेफळला मेडिकल चालवते. डी.फार्म. झाले आहे, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. मेहकर-खामगाव रस्त्यावरचं हे आमचं गाव आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार आहे. पोलीस ठाणं इथेच, प्राथमिक आरोग्य केंद्र इथेच, बाजाराच्या दिवशी सोयाबीनच्या भावापासून पोरींच्या सोयरिकीपर्यंत सगळी बोलणी इथेच होतात. माझ्या भिंतीवर अन्न व औषध प्रशासनाचे फॉर्म २० आणि फॉर्म २१ असे दोन परवाने आहेत. दुसरा लस, इन्सुलिन अशा जपून ठेवायच्या औषधांसाठी लागतो. त्याशेजारी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं माझं नोंदणी प्रमाणपत्र आणि कोपऱ्यात शॉप अॅक्टचा कागद. या चारही कागदांना मी मानते. म्हणूनच त्यांचं गावोगावी जे झालं आहे, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नियम साधा आहे. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यायचं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायचं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलमही हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टपुरतंच ठेवतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने तर पांढरा अॅप्रन आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला घालायला सांगितलं. बुलढाण्यापासून मेहकरपर्यंत रस्त्यावरची मेडिकल बघत या. अॅप्रन किती दिसतात आणि बिल्ले किती, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आमच्या धंद्यात ‘सर्टिफिकेट लावणे’ असं म्हणतात. दुकान एकाचं, सर्टिफिकेट दुसऱ्याचं. माझा निकाल लागला त्याच वर्षी एक दुकानदार घरी आला होता. गाव सांगत नाही. वडिलांसमोर खुर्चीवर बसून म्हणाला, ‘ताईला कायले दगदग? सर्टिफिकेट आमच्याकडे लावा, ताई घरी राहू द्या, महिन्याच्या महिन्याला पैसे घरपोच येतील.’ वडिलांना ते वाईट वाटलं नाही, कारण त्यात वाईट काय हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोरगी शिकली आणि शिक्षणाचे पैसे सुरू झाले, एवढंच त्यांना दिसलं. मी नाही म्हटलं तेव्हा दुकानदाराला खरंच नवल वाटलं. सगळे करतात, असं तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

यातली एक गोष्ट वर्तमानपत्रात फारशी येत नाही. भाड्याने लागणाऱ्या या प्रमाणपत्रांतली बरीच बायकांची असतात. लग्नाच्या बायोडेटात ‘डी.फार्म.’ असलं की स्थळं येतात, कारण सासरी मेडिकल टाकायचं असतं. मुलगी येते, तिच्या नावावर परवाना निघतो, तिचं नाव काचेत जातं आणि ती चुलीपुढे जाते. गल्ल्यावर दीर किंवा नवरा. पुस्तकं घोकून, प्रात्यक्षिकं करून, नंतर पाचशे तासांचं प्रशिक्षण पुरं करून जे ज्ञान तिने मिळवलं, त्याचा तिच्या गावातल्या एकाही रोग्याला उपयोग होत नाही. बारा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात अशा बायका मला माहीत आहेत. त्यातली एखादी भेटली की औषधांची नवी नावं विचारते, आणि मला वाईट वाटतं, कारण तिला सगळं आठवत असतं.

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा उघडा केला होता. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ ते २०१४ या काळात, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, परवाने निलंबित झाले. औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. फार्मासिस्ट आणायचे कुठून, असा त्यांचा सवाल होता. तो अगदीच गैरलागू नव्हता. पण आज गावागावांत डी.फार्म.ची पोरं-पोरी आहेत, दरवर्षी नवी बाहेर पडताहेत आणि नोकरी मिळत नाही म्हणून पुण्याला जाताहेत. माणूस नाही ही सबब आता चालणार नाही. माणूस आहे, त्याला पगार द्यायचा नाही. कागदाचं भाडं पगारापेक्षा स्वस्त पडतं.

गल्ल्यामागे शिकलेला माणूस असला-नसला तर काय फरक पडतो, असं विचारणारे भेटतात. चिठ्ठीवर लिहिलेलं फळीवरून काढून द्यायचं, त्यात काय शिकायचं? मी एक उदाहरण सांगते.

शेजारच्या खेड्यातली एक आजी माझ्याकडे कधीमधी यायची. एकदा आली आणि बाकावर बसूनच राहिली. ‘सकाळी उठलं की घेरी येते व माय,’ म्हणाली. मी तिची पिशवी बघायला मागितली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधाच्या पिशव्या बघण्यासारख्या असतात. बाहेरून साडीच्या दुकानाचं नाव, आत अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपा, जुने रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स. त्या पिशवीत बीपीच्या दोन स्ट्रिपा निघाल्या. एक मेहकरच्या डॉक्टरांची, एक बुलढाण्याच्या. मुलीकडे राहायला गेली तेव्हा तिकडे दाखवलं होतं. वरची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच औषध होतं, टेल्मिसार्टन ४०. आजी दोन्ही घेत होती, कारण दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. मी मेहकरच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक बंद करायला सांगितली. डॉक्टरांची चूक नव्हती, त्यांना दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ताच नव्हता. दुकानात नुसता स्ट्रिपा काढून देणारा मुलगा असता तर त्याचीही चूक म्हणता आली नसती. ब्रँडच्या नावाखालचं बारीक नाव वाचायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

शेड्यूल एच-वनचं रजिस्टर हाही असाच विषय. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक, क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या अशा ठरावीक औषधांसाठी वेगळी वही ठेवावी लागते. कोणाच्या चिठ्ठीवर, कोणाला, किती दिली, हे लिहायचं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. झोपेच्या गोळ्या मागायला कोण वरचेवर येतंय, हे त्या वहीतून कळतं. आमच्या भागात ही माहिती किती मोलाची आहे, ते वेगळं सांगायला नको. भाड्याच्या सर्टिफिकेटच्या दुकानात ही वही एक तर कोरी असते किंवा तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली.

अनुभवाला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. दुकानात काम करणारी पोरं हुशार असतात, हात चालतात, गिऱ्हाइकाशी गोड बोलतात. खुद्द १९४८ च्या कायद्यानेही अनुभवाचा मान राखला होता. पहिली नोंदवही तयार झाली तेव्हा पाच वर्षं दवाखान्यात औषधं बनवण्याचं काम केलेल्या कंपाउंडरांनाही तिच्यात जागा मिळाली. देश नवा होता, शिकलेली माणसं थोडी होती, म्हणून हाताला काम येतं त्यांना कागद दिला गेला. पण तो ज्याचा अनुभव त्याच्या नावाचा होता. आज अनुभव एकाचा, कागद दुसऱ्याचा आणि गोळी तिसऱ्याच्या पोटात, अशी गत झाली आहे.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २००९ पासून एक नियम लागू आहे. प्रत्येक औषध दुकानात, गिऱ्हाइकाला सहज दिसेल असं, त्या वेळी जबाबदार असलेल्या फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक लावायचा. दुपारी माणूस बदलला की पाटीवरचं नाव बदलायचं. मला हा नियम फार आवडला. आपल्या भिंतीवरचा कागद परवाना कोणाला मिळाला ते सांगतो. ती पाटी आत्ता कोण उभं आहे ते सांगते.

मी एक काळी पाटी आणली, शाळेत असते तशी. रोज सकाळी शटर उघडलं की तिच्यावर खडूने लिहिते: ‘आत्ता हजर’, खाली माझं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक. लग्नाला, दवाखान्यात, कुठेही गेले तर पाटी उलटी करते. मागे रंगाने लिहिलं आहे: ‘फार्मासिस्ट हजर नाही. चिठ्ठीची औषधं मिळणार नाहीत. साबण, तेल, पॅड, डायपर मिळतील.’ धंदा बुडतो. लग्नसराईत चांगलाच बुडतो. घरात त्यावरून बोलणीही खाल्ली. पण आता बाया पाटी बघून आत येतात. अक्षर न येणारीसुद्धा पाटी कोणत्या बाजूने आहे ते ओळखते.

गावात याची काय गरज, आम्ही तर एकमेकांना ओळखतो, असं म्हणणारे आहेत. मला वाटतं, ओळख आहे म्हणूनच कोणी विचारत नाही. ज्याच्या लग्नात पंगत वाढली, त्याला तुझं शिक्षण काय, असं कोण विचारणार? ओळखीची भीड असते आणि भिडेपोटी माणूस गप्प राहतो. अनोळखी माणसाला ती नसते. संत गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतताना लोणार, मेहकर करत जानेफळला येते. पायाला फोड आलेले, ताप अंगावर काढलेले वारकरी दुकानात येतात. कोण कुठले, ना त्यांना माझं घराणं माहीत, ना मला त्यांचं. ते बिनदिक्कत पाटी वाचतात आणि विचारतात, ‘ह्या तुम्हीच का?’ मी हो म्हणते आणि ते चिठ्ठी पुढे करतात. गावातल्या माणसांनीही असंच विचारावं, असं मला फार वाटतं.

डॉक्टरांच्या पाटीबद्दलही बोललं पाहिजे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे: नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवर छापायचा, नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्या लिहायच्या. पाटी अवाढव्य नको आणि औषधाच्या दुकानावर तर डॉक्टरची पाटी नकोच. पण ही संहिता एम.बी.बी.एस. आणि त्यापुढच्यांसाठी. आमच्या खेड्यांत रात्री-अपरात्री दार उघडणारे बहुतेक डॉक्टर बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. आहेत. त्यांच्या परिषदा वेगळ्या. त्यांची सेवा मी रोज बघते. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना पलीकडच्या वस्तीवर जाऊन सलाइन लावणारा डॉक्टर कोणत्या पॅथीचा, हे विचारायची माझी हिंमत होणार नाही. तरी पाटीवर ते लिहिलेलं असावं, इतकंच माझं म्हणणं. ‘डॉ.’ एवढंच मोठं आणि पदवी इतकी बारीक की खाली वाकून वाचावी लागते, असं नको. आयुर्वेद असेल तर आयुर्वेद लिहा, होमिओपॅथी असेल तर होमिओपॅथी. त्यात कमीपणा कसला? कमीपणा लपवण्यात आहे, कारण त्या लपवाछपवीच्या आडोशालाच बोगस डॉक्टर उभा राहतो. सगळ्यांच्याच पाट्या अर्धवट असल्या तर त्याची पाटी वेगळी कशी ओळखायची?

भाषेचंही असंच आहे. मार्च २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलून लहानातल्या लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असंही सांगितलं. चांगलं झालं. पण दुकानाचं नाव मराठीत आणि आतला ज्याच्यावर जीव अवलंबून तो कागद इंग्रजीत, असं आहे. माझे परवाने इंग्रजीत आहेत. दहावी शिकलेल्या गिऱ्हाइकालाही त्यातलं काही लागत नाही. फार्मसी कौन्सिलने प्रमाणपत्राच्या खाली मराठीत दोन ओळी छापल्या तर काय बिघडेल? या बाईने काय शिक्षण घेतलं, कोणतं काम करायचा तिला अधिकार आहे, तक्रार कुठे करायची. बस.

आमच्या मेडिकलपेक्षा जास्त गर्दी जूनपासून कृषी सेवा केंद्रात असते. शेतकरी खिशातून सोयाबीनचं खाल्लेलं पान काढतो, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, ‘यावर काय मारू?’ तिथे मिळणारं उत्तर माझ्या काउंटरवरच्या उत्तराइतकंच जोखमीचं असतं. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावर विषाची जात ठरते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. तेव्हा जी कारणं पुढे आली, त्यात दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची सवय हेही एक होतं. ती सवय कोणाच्या सांगण्यावरून लागते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी, २०१५ साली, केंद्राने कीटकनाशक नियमांत दुरुस्ती करून विक्रेत्याला शेती किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयातल्या शिक्षणाची अट घातली होती. जुन्या दुकानदारांना मुदत मिळाली, मग ती वाढतही गेली. आणि तिथेही बी.एस्सी. अॅग्रीचं सर्टिफिकेट लावण्याचा रिवाज पडला. त्यातली एक चांगली गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली दुकानदारांसाठी ‘देसी’ नावाचा वर्षभराचा डिप्लोमा सुरू केला. ४८ आठवडे, त्यात ४० दिवस वर्ग आणि ८ दिवस शिवारात. वर्ग रविवारी किंवा बाजार बंद असेल त्या दिवशी, म्हणजे दुकान बुडत नाही. ज्याने वीस वर्षं विकलं त्याला शिकवायचं आणि मग त्याच्याच नावाचा कागद त्याच्याच भिंतीवर. हा डिप्लोमा केलेल्या एका दुकानदाराने माझ्या भावाला फवारणी पुढे ढकलायला सांगितली, विक्री सोडून. पानावर अळी होती, पण फवारावं इतकी नव्हती. ती मोजायची कशी हे तो शिकला होता.

प्रमाणपत्र मिरवण्याला नाकं मुरडणारी माणसं मला शहरात भेटतात. नावामागे पदव्या कशाला, फ्रेम कशाला, असं म्हणतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर असतील, त्यांना ते सोपं आहे. आमच्या स्टँडवर ‘नीट’ परीक्षा पास झालेल्या किंवा पोलीस भरतीत लागलेल्या पोराचा फ्लेक्स लागतो तेव्हा मला आनंदच होतो. माझा डिप्लोमा वडिलांनी मेहकरहून लॅमिनेट करून आणला होता. मूळ कागद लॅमिनेट करायचा नसतो, हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे एका कार्यालयात त्यावरून माझी फाइल परत आली, तेव्हा त्यांना ते कळू दिलं नाही. घरात तो डिप्लोमा बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागला. त्या तसबिरीवर नावापुढे पदव्यांची ओळ आहे: एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ. आमच्याकडे त्या ओळी लहान पोरांना पाठ असतात. आणि याच माणसाला १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपाई लांबून फायली फेकत होते, परदेशातलं शिक्षण खिशात असताना राहायला जागा मिळत नव्हती. ज्यांचा कागदसुद्धा नाकारला गेला, त्यांच्या लेकरांनी तो काचेत घालून लावला तर त्याला मिरवणं म्हणू नये.

म्हणून मला भाड्याच्या सर्टिफिकेटचा जास्त राग येतो. बापाने मजुरी करून शिकवलेली पोरगी जेव्हा ते सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्यावर देते, तेव्हा कागद भिंतीवर चढतो आणि तिला कोणी विचारत नाही.

शाळेचाही विषय आहे, आणि तिथे माझं मत माझ्या शिक्षक मैत्रिणींना रुचणार नाही. २०२२ साली ‘आपले गुरुजी’ म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्गावर्गात शिक्षकांचे फोटो लावायचं फर्मान निघालं. आपल्या जागी भाड्याचा माणूस उभा करणाऱ्यांना चाप बसावा, हा हेतू. शिक्षक संघटनांनी विरोध केला, सरसकट संशय घेतला जातोय म्हणून. मला त्यांचं दुःख समजतं. काही थोड्या लोकांसाठी सगळ्यांना फोटो चिकटवायला लावलं. पण माझ्या अॅप्रनवर बिल्ला आहे आणि मला त्यात अपमान वाटत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचं लेकरू किंवा दुसऱ्याचा जीव आहे, त्याने आपण कोण ते सांगितलं पाहिजे. मग १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांना नावाआधी ‘टि’ लावायला सांगितलं, डॉक्टर ‘डॉ.’ लावतात तसं. सन्मान म्हणून. यातून पालकाला काय कळतं? काहीच नाही. माझ्या मुलीच्या वर्गाबाहेर बाईंचं नाव, त्यांचं शिक्षण, त्या कोणता विषय शिकवतात आणि त्यांना कधी भेटता येईल, एवढं लिहा. ‘टि’पेक्षा ते मला हवं आहे.

कागदच खोटा असला तर? तोही धडा आपल्याला मिळाला आहे. टीईटी या शिक्षक पात्रतेच्या २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन पास झालेले साडेसात हजारांहून अधिक उमेदवार पुढे सापडले. म्हणून क्रमांक महत्त्वाचा. नाव कोणीही लिहील, पदवी कोणीही छापून घेईल, पण नोंदणी क्रमांक तपासता येतो. डॉक्टरांची नावं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या रजिस्टरमध्ये कोणालाही शोधता येतात. आता गावात मोबाइल नाही असं घर विरळा. आणि मोबाइलवरून घरपोच औषध मागवणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे: त्या गोळ्या कोणी मोजल्या? २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन औषध विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला. तो अजून मसुदाच आहे. तिथे भिंतही नाही आणि पाटीही नाही.

सरकारी कार्यालयांसाठी तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने पाटी ठरवूनच दिली आहे: कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार आणि न दिल्यास अपील कोणाकडे. तहसीलला गेलात की ती पाटी शोधा. कपाटामागे असेल तर कपाट सरकवायला सांगा.

येत्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. ग्रामपंचायतीला यात सक्ती करता येत नाही, ते काम प्रशासनाचं आणि परिषदांचं आहे. विनंतीचा ठराव मात्र करता येतो. जानेफळमधलं प्रत्येक मेडिकल, दवाखाना, लॅब आणि कृषी सेवा केंद्राने दारातून दिसेल अशी एक पाटी लावावी. मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यावर आत्ता हजर असलेल्या माणसाचं नाव, शिक्षण, नोंदणी किंवा परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी कार्यालयाचा फोन. माणूस बदलला की नाव बदलायचं, माणूस नसला की पाटी उलटी. पाट्यांचा आणि वर्षभराच्या खडूचा खर्च मी देईन. सह्या गोळा करायला बचत गटाच्या बाया तयार आहेत आणि पहिली सही त्या घेरी येणाऱ्या आजीने आधीच केली आहे, अंगठ्याची.